शेवटचा प्रत्यय

आमच्या लहानपणी दारात तार आली की घरातले सारे आवाज थांबत. आई पदराला हात पुशीत बाहेर येई आणि वडील ती फोडण्यापूर्वी पाकीट उलटसुलट करून पाहत, जणू आतील मजकूर बाहेरूनच ओळखू यावा. कोपरा फाडलेले कार्ड आले तर ते उंबऱ्याच्या आत आणायचे नाही, दारातच वाचून फाडून टाकायचे, अशी रीत होती. नॉटपेड पत्र पैसे भरून सोडवावे की आल्या पावली परत धाडावे, यावर पोस्टमनला ताटकळत ठेवून खल चाले. २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली आणि ती धडधडही गेली. सांगायचे एवढेच की, दारात आलेल्या टपालाकडे संशयाने पाहण्याचे शिक्षण आमच्या पिढीला पुरेपूर मिळाले होते. ते सारे शिक्षण आम्ही २०१७ सालच्या भाद्रपदात, गणपती घरात बसलेले असताना, दोन टिचक्यांत पाण्यात घातले.

त्या वर्षी आमच्या वसाहतीतील मराठी मंडळींनी गणेशोत्सवाची स्मरणिका काढण्याचे ठरविले होते आणि एम. ए. मराठी एवढ्या भांडवलावर संपादनाचे जू आमच्या मानेवर ठेवले होते. हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेत नोकरी करणाऱ्याच्या मराठीला असा उपयोग क्वचितच लाभतो; आम्हीही ते आनंदाने घेतले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली, आणि तोपर्यंत राजधानी असलेल्या नागपुरातून सचिवालयाच्या कागदांबरोबर कित्येक मराठी कारकून, लेखापाल आणि त्यांची कुटुंबे इकडे आली. कोणी ग्वाल्हेरहून आले, कोणी इंदूरहून, कोणी पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात लागले. त्या पहिल्या पिढीची छायाचित्रे जमवावीत अशी आमची कल्पना होती. ट्रंका उघडल्या गेल्या, भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या. ऑगस्ट संपेपर्यंत १४२ छायाचित्रे आमच्या संगणकात उतरली होती. मुळे ज्याची त्याला परत केली होती आणि कोजागिरीला प्रकाशन करावयाचे ठरले होते.

बाहेरगावी गेलेल्या दोन-तीन कुटुंबांकडून काही छायाचित्रे ई-मेलने यावयाची होती. त्यांचीच वाट पाहत असता एका संध्याकाळी एक पत्र आले. पाठविणाऱ्याचे नाव अनोळखी आणि इंग्रजी धाटणीचे होते. विषयाच्या जागी एकच शब्द होता, 'स्कॅन्स'. मजकूर जवळजवळ नव्हताच. खाली एक गाठोडे जोडलेले होते. आम्हाला वाटले, कोणा सुनेच्या किंवा जावयाच्या कार्यालयातून धाडले असेल. हल्लीच्या मुलांना पत्रास 'सा. न. वि. वि.' लिहिण्याची सवड कोठे असते! आम्ही गाठोडे सोडले. आत आणखी एक गाठोडे निघाले. तेही सोडले. आत एक फाईल होती. तिच्यावर दोन टिचक्या मारल्या. काहीच उघडले नाही. म्हणून आम्ही पुन्हा मारल्या. बाहेर आरतीची घंटा वाजली, तसे संगणक तसाच ठेवून आम्ही उठलो.

परत येऊन पाहतो तो पडद्यावरच्या गणपतीच्या चित्राच्या जागी इंग्रजी मजकुराची एक पाटी लागलेली. तुमच्या फाईली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असल्यास अर्धा बिटकॉइन मोजा, असा तिचा आशय होता. त्या दिवसांच्या भावाने ही रक्कम दीड लाख रुपयांच्या घरात जात होती. १४२ छायाचित्रांची नावे जाऊन अक्षरे आणि आकडे यांची भेसळ तेथे उभी होती, आणि प्रत्येक नावाच्या शेपटाला एकच शब्द लटकत होता, 'लुकिटस्'. हा शब्द फिनलंडच्या भाषेतला असून त्याचा अर्थ 'कुलूप घालणे' असा आहे, हे आम्ही पुढे शोधून काढले. घरात चोरी झाल्यावर चोराच्या भाषेची व्युत्पत्ती पाहत बसणारा गृहस्थ मराठीचा एम. ए.च असू शकतो, हे कुटुंबाचे मत येथे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी संगणक पोटाशी धरून आम्ही महाराणा प्रताप नगर गाठले. नवख्या पाहुण्यास 'एम. पी. नगर' म्हणजे मध्य प्रदेश नगर असावे असे वाटते. राणा प्रतापांना आम्ही भोपाळकरांनी दोन अक्षरांत बसविले आहे. आम्हा शिक्षकांना ही वाट तशी पाठ असते, कारण माध्यमिक शिक्षण मंडळाची इमारत तेथेच असून चौकालाही 'बोर्ड ऑफिस' हेच नाव पडले आहे. तेव्हाचे हबीबगंज, म्हणजे २०२१ पासूनचे राणी कमलापती स्थानक, जवळच. झोन एक आणि झोन दोनमध्ये शिकवणी वर्गांच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या, खाली झेरॉक्सची दुकाने, पोहे-जिलेबीच्या गाड्या, आणि त्यांच्या मधल्या बोळांत संगणक दुरुस्त करणारी मुले. आमच्या माहितीचा एक तरुण झोन दोनमध्ये एका जिन्याखाली बसतो. त्याने पडदा पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, खोलने से पहले फाईल का पूरा नाम पढ़ा था?"

तीस वर्षे मुलांना 'प्रश्न शेवटपर्यंत वाचा' असे बजावणाऱ्यास हा प्रश्न जिन्याखाली बसून ऐकावा लागला.

त्याने समजावून सांगितले ते असे. फाईलीच्या नावाच्या शेवटी एक टिंब असते आणि टिंबापुढे दोन-चार अक्षरे. तेथे जेपीजी असेल तर ते चित्र, टीएक्सटी असेल तर साधा मजकूर. परंतु ईएक्सई, व्हीबीएस, जेएस, एससीआर असे काही असेल तर ती संगणकाला दिलेली आज्ञा असते. तिच्यावर टिचकी मारणे म्हणजे त्या आज्ञेखाली आपली सही करणे. आणि गंमत अशी की, परिचित प्रकारांची ही अक्षरे झाकून ठेवावीत, अशीच विंडोजची मूळ मांडणी आहे! आमच्या फाईलीचा शेवट व्हीबीएस असा होता. तो आम्हाला दिसलाच नव्हता.

रविवारी वसाहतीतील मुलांना आम्ही मराठी व्याकरण शिकवतो. विभक्ती शिकविताना आमचे ठरलेले उदाहरण आहे. 'मुंगसाने साप मारला' आणि 'सापाने मुंगूस मारले'. प्राणी तेच, क्रियापद तेच, पण कोण मेला आणि कोणी मारले हे शेवटचा प्रत्यय सांगतो. तो झाकून वाक्य वाचा असे आम्ही मुलांना कधी म्हणालो नसतो. जिन्याखालच्या त्या तरुणाने 'व्ह्यू'च्या यादीतील एका चौकोनात खूण केली आणि आमच्या संगणकावरील सर्व नावांना आपापले प्रत्यय लाभले. काम अर्ध्या मिनिटाचे होते. वाचकांनी ते आजच करून घ्यावे.

ही युक्ती नवी नव्हती, हे कळल्यावर तर अधिकच ओशाळलो. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून 'आय लव्ह यू' या विषयाचे एक पत्र जगभर पसरले होते. त्यासोबतच्या प्रेमपत्राच्या नावाला टीएक्सटी आणि त्यापुढे व्हीबीएस असे दोन प्रत्यय होते. पहिला दिसे, दुसरा झाकलेला राही. उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या वहीतील सर्वांना ते आपण होऊन रवाना होई. त्यामुळे ते अनोळखी माणसाकडून येत नसे. साहेबाकडून येई, व्याह्याकडून येई. ब्रिटिश संसदेला आपली ई-मेल व्यवस्था बंद ठेवावी लागली. ते रचणाऱ्या ओनेल द गुझमान या मनिलाच्या विद्यार्थ्यास शिक्षा झाली नाही, कारण त्या देशात अशा अपराधाचा कायदाच तेव्हा नव्हता. आमच्या वाट्यास आलेल्या व्हायरसचे नाव 'लॉकी'. २ सप्टेंबर २०१७ रोजी भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने त्याविषयी इशारा काढला. दोन कोटी तीस लाखांहून अधिक पत्रे सुटली असून त्यांचे विषय 'फोटो', 'इमेजेस', 'डॉक्युमेंट्स', 'स्कॅन्स' असे असतात, असे त्यात म्हटले होते. आम्ही तो इशारा वाचला तेव्हा आमचा संगणक जिन्याखाली उघडा पडला होता.

तुम्ही म्हणाल, प्रत ठेवली नव्हती काय? ठेवली होती. सगळी छायाचित्रे एका पेनड्राइव्हवर उतरवलेली होती आणि तो पेनड्राइव्ह, हरवू नये म्हणून, कायम संगणकालाच लावलेला असे. लॉकी जोडलेल्या वस्तूंमध्येही शिरतो. त्याने प्रतींनाही तितक्याच नेमाने कुलपे घातली. ही कुलपे दोन किल्ल्यांची असतात. लावावयाची किल्ली चोर संगणकावर धाडतो, उघडावयाची स्वतःजवळ ठेवतो. पैसे भरून ती मिळेलच याचा भरवसा तो तरुण देईना, आणि शिक्षकाच्या पगारात दीड लाखाचा जुगार बसतही नव्हता.

बहुतेक छायाचित्रे पुन्हा मिळाली. घरोघरी जाऊन, क्षमा मागून, आम्ही ती पुन्हा उतरवली. आठ-दहा मिळाली नाहीत. त्यांतल्या एकासाठी आम्हाला एका काकूंच्या घरी जावे लागले.

त्या १९५६ साली लग्नाच्या पहिल्याच वर्षी यजमानांबरोबर नागपूरहून आल्या. भोपाळ स्थानकाच्या फलाटावर कोणी स्नेह्याने काढलेले त्यांचे छायाचित्र होते. मूळ प्रत आम्ही परत केल्यावर त्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तसबिरीच्या काचेला चित्र चिकटले आणि काढताना त्याची साल निघाली. तेव्हा आम्हीच त्यांना म्हणालो होतो, काकू, चिंता करू नका, आमच्याजवळ आहे.

सगळे ऐकून त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कोणाचं पत्र होतं ते?"

"ठाऊक नाही, काकू."

"नाव नव्हतं त्यावर?"

"होतं. ओळखीचं नव्हतं."

"मग घेतलंस कशाला?"

याला उत्तर नव्हते. थोड्या वेळाने त्यांनीच आत हाक मारून चहा सांगितला आणि म्हणाल्या, "लिहून घे. मी सांगते." डावीकडे वळकटी, तिच्यावर पितळी घागर पालथी, यजमानांच्या डोक्यावर काळी टोपी, कोट उसना आणलेला म्हणून बाह्या आखूड, आपण खाली पाहते आहे, कारण पायात नवी चप्पल चावत होती. चप्पल चित्रात दिसत नव्हती, पण ते काकूंना ठाऊक होते. स्मरणिकेत त्या पानावर आम्ही रिकामी चौकट छापली आणि खाली त्यांचे शब्द जसेच्या तसे दिले. लोक ते पान वाचून सांगत, तेव्हा आम्हाला आनंद मात्र होत नसे.

ती कुलूपबंद फाईल आम्ही टाकलेली नाही. २०१६ साली युरोपीय पोलिसांनी काही कंपन्यांसह 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. सापडलेल्या किल्ल्या तेथे फुकट मिळतात. दर अनंत चतुर्दशीच्या सुमारास आम्ही तेथे डोकावतो. आमची किल्ली अजून आलेली नाही.

बाकी आता आमचे वागणे सुधारले आहे. दोन चकत्यांवर प्रती असतात. काम झाले की त्या संगणकापासून सोडवून एक शाळेच्या कपाटात जाते, दुसरी घरी तांदळाच्या डब्यामागे. त्या तरुणाने 'क्विक हील' बसवून दिले. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता या धंद्यात आले आणि त्यांचे बंधू संजय यांनी व्हायरसवरचा उतारा लिहिला, हे वाचून मराठी मनाला गुदगुल्या झाल्या खऱ्या. पण जागल्या मराठी असला तरी आपण स्वतः कडी काढून दिल्यावर तो किती पुरणार? वर्डच्या किंवा एक्सेलच्या फाईलीत दडलेल्या मॅक्रो नावाच्या आज्ञा आहेतच. 'एनेबल कन्टेन्ट' दाबा असे एखादी फाईल विनवू लागली की आम्ही ती मिटतो. इंटरनेटवरून आलेल्या फाईलीतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपण होऊन अडविण्यास आरंभ केला, हे बरे झाले. शाळेच्या टपालात 'अत्यंत तातडीचे' असा विषय दिसला की आमच्यातला सरकारी नोकर अजूनही खुर्चीत सरसावतो. परंतु आता आधी पाठविणाऱ्याच्या नावामागचा पूर्ण पत्ता पाहतो आणि शंका वाटल्यास फोन करतो. फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, हे सूचनाफलकावर लावले आहे.

अलीकडे चोरांनी ई-मेल सोडून व्हॉट्सॲपची वाट धरली आहे. लग्नपत्रिका म्हणून फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असते. ते फोनमध्ये शिरकाव करणारे ॲप होय. उघडून बसविले की निरोपांवर आणि बँकेच्या परवलीवर त्याचा डोळा असतो. गेल्या मार्गशीर्षात नागपूरच्या आमच्या मावसभावाकडून एक पत्रिका आली. प्रत्यय पाहिला, पीडीएफ होता. तरी पोळलेल्या माणसाने ताकही फुंकून प्यावे म्हणून त्याला फोन लावला आणि पत्रिका खरोखर त्यानेच धाडली आहे काय, असे विचारले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"पोचली का म्हणून विचारतात रे," तो म्हणाला. "खरी आहे का म्हणून पहिल्यांदाच कोणी विचारलं. खरी आहे. मुलगी माझीच आहे. आणि आदल्या दिवशी सीमांतपूजनालाच या, उगाच जेवणाच्या वेळेला उगवू नका."