बारा काड्या

बारा काड्यांचा घन उभा राहत नाही. तेवढ्याच बारा काड्यांचा अष्टफलक मात्र वरून दाबला तरी ढळत नाही. मुलांना सर्जनशील विचार कसा शिकवायचा, असं शिक्षक मला विचारतात तेव्हा व्याख्यान देण्याऐवजी मी त्यांच्यापुढे काड्या आणि रबराची नळी ठेवते.

नळी म्हणजे सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती काळी, बारीक व्हॉल्व्ह ट्यूब. काडेपेटीतल्या काडीचा गुल खरवडून टाकला, की काडी तिच्या भोकात घट्ट बसते. नळीच्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात दोन्हीकडून काड्या घातल्या की सांधा तयार. मध्ये काट्याने टोचून तिसरी काडी घालता येते. टोचलेल्या भोकातून दुसरा तुकडाच ओवला तर चार काड्यांचा सांधा होतो. ही करामत अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरला शिकलेला हा इंजिनियर पुण्यात टेल्कोत नोकरीला होता. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या मुलांना परवडेल असं साहित्य शोधताना तिथल्या आठवडी बाजारात त्यांना ही नळी भेटली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडवली.

काड्या-नळ्या हातात आल्या, की मुलं आधी चौकोन करतात. बोट लावताच तो तिरका होतो. त्रिकोण करतात, तो हलत नाही. या क्षणी शिक्षकांना कारण सांगून टाकायचा मोह होतो. मी त्यांना थांबवते आणि मुलांना एवढंच म्हणते, ‘चौकोन ताठ करा.’ मग कुणी प्रत्येक बाजूला दोन-दोन काड्या जोडतं, कुणी सांध्यात कागदाची पाचर ठोकतं, कुणी नळी आखूड कापतं. चौकोन डुलायचा तो डुलतोच. मग कुणीतरी त्याला मधून तिरकी काडी लावायला जातं आणि काडी अपुरी पडते.

माझ्या कामाचा गाभा इथेच आहे. सर्जनशीलता म्हणजे मोकळं सोडणं आणि सुचेल त्याला ‘वा, छान!’ म्हणणं, हा समज मला घातक वाटतो. कल्पनेला अडवणारं काहीतरी समोर लागतं. काडीला मुलाचं मन राखायचं नसतं, ती त्याला हिणवतही नाही. जमलं की नाही, ते तिथल्या तिथे दाखवते. मार्क आणि शाबासकी मध्ये आली, की मूल काडीकडे बघायचं सोडून बाईंच्या चेहऱ्याकडे बघू लागतं.

सहा काड्यांत चार समान त्रिकोण करा, हे जुनं कोडं. नुसत्या काड्या टेबलावर मांडणारी मोठी माणसं त्यात हमखास अडकतात. नळीचे सांधे हाताशी असले, की गुंता उचलून बघता येतो. उचलल्यावर एक काडी वर जाते, मागोमाग दुसरी, आणि चतुष्फलक हातात येतो. सपाटी सोडायची, हे आधी डोक्याला सुचतंच असं नाही. अनेकदा ते हाताला आधी कळतं. म्हणून कंपन्यांच्या प्रशिक्षणातही मी भिंतीवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्यांपेक्षा काड्याच पसंत करते.

एका शाळेत एक मुलगी चौकोनाशी बराच वेळ झटून एकदम म्हणाली, ‘आमचे पप्पा गेटला तिरकी पट्टी मारतात!’ तिच्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. ती पट्टी तिने रोज पाहिली होती. पट्टीचं काम काय, ते तिला त्या दिवशी उमगलं. नंतर वर्गातल्या मुलांनी गणपती मंडपाचे बांबू, परांची, विजेचे मनोरे, शेताचं फाटक यांतल्या तिरक्या पट्ट्या धडाधड सांगितल्या. शिकलेलं आयुष्यात उतरलं का, हे तपासायला मला याहून चांगली परीक्षा माहीत नाही. शिवाय मी मुलांना फसलेली रूपं मोडू देत नाही, टेबलावर ओळीने ठेवायला लावते. पाहुणे आले की मुलं त्या ओळीवरून बोलतात: इथे पडलं, म्हणून हे बदललं. विचार दाखवायचा तर तो असा दिसतो. नोकरीच्या मुलाखतीत तरुणांनी पुरस्कारांच्या यादीपेक्षा अशी एखादी ओळ मांडावी, आणि घेणाऱ्यांनी ती मागावी, असं मला मनापासून वाटतं.

राहिला घन. त्याच्या सहाही बाजूंना एकेक तिरकी काडी लागते. काडेपेटीतली पुरत नाही, म्हणून मुलं खराट्याच्या हिरांकडे वळतात आणि काडीच्या सुमारे १.४ पट लांबी मोजून काढतात. पायथागोरस पुस्तकात भेटायच्या आधीच. मग नवी अडचण येते. सहा हीर नीट मांडले तर घनाच्या चार कोपऱ्यांत तीनच काड्या येतात, पण उरलेल्या चारांत सहा-सहा. सहांचा सांधा मी शिकवत नाही. कुणी तीन नळ्या एकमेकींतून ओवायला बघतं आणि नळी फाटते. कुणी दोन सांधे दोऱ्याने एकत्र आवळतं. मधली सुट्टी होते, घंटा वाजते, तरी दोन-चार जण जागचे उठत नाहीत.