पाळणे

मराठीत व्रत पाळतात, सुतक पाळतात, शब्द पाळतात आणि गायही पाळतात. या चारही गोष्टी एकाच क्रियापदाने सांगणाऱ्या भाषेच्या मनात जनावराविषयी नेमके काय असावे, हा विचार आम्हांस फार उशिरा सुचला. कल्याणच्या पारनाक्यावरील जुन्या घरात तो सुचण्याचे कारणच नव्हते. मागच्या पडवीला लागून गोठा, गोठ्यात एक गाय, तिचे त्या वर्षीचे वासरू, आणि धान्याच्या खोलीत उंदरांच्या बंदोबस्तासाठी एक मांजर. यांपैकी कोणालाही आवड म्हणून ठेवलेले नव्हते. पण गाईपुढे आंबोण ठेवल्याशिवाय घरात चहाचे आधण चढत नसे, आणि दाराला कुलूप लावून साऱ्यांनी एकदम लग्नाला जाणे त्या घराला कधीच जमले नाही. धार काढायला कोणीतरी मागे राही. बहुधा आजीच राही. गाय आणि व्रत यांना एकच क्रियापद का, याचे उत्तर त्या मागे राहण्यात असावे.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) मधील मोरी गाय आईखेरीज कोणाला दूध काढू देत नाही, हे शाळेत वाचताना आम्हांला त्यात नवल वाटले नव्हते. आमच्या गाईचेही तेच होते. पु. ल. देशपांडे यांच्या 'पाळीव प्राणी'मध्ये मात्र जनावर हा यजमानाचा छंद आणि पाहुण्यावरचे संकट होऊन येते. विनोद तिथूनच फुटतो. दोन्ही लेखनांच्या मध्ये काय झाले? गोठा गेला आणि दिवाणखाना आला. मराठी गद्यातील जनावरांवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने घरांचे नकाशे शेजारी ठेवावेत, असे आम्ही सुचवू.

गोठे जाण्यामागे कायदाही होता. मुंबईतील म्हशींसाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. शहरी भागात गुरे ठेवण्यास परवाना लागेल असे सांगणारा राज्याचा कायदा १९७६ चा. आमची गाय मात्र कायद्याने गेली नाही, वाटण्यांनी गेली. घर विकसकाकडे, गाय मुरबाडकडच्या नातेवाइकांकडे आणि आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर.

तिथे पिंजरा आला. देशी पोपट ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा, म्हणून 'लव्हबर्ड्‌स' आणले. (बाजारात या नावाने मिळतात ते बहुधा ऑस्ट्रेलियातले बजरीगर, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. असो.) त्यांना नावे ठेवली, वाढदिवस ठरवले. मे महिन्यात गावी जाताना पिंजरा शेजाऱ्यांकडे दिला. यात गैर काही नव्हते, परंतु मागे कोणी राहिले नाही.

म्हणून जुने ते सोने म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. ज्या भाषेने 'पाळणे' दिले तिनेच 'भाकड' हा शब्दही दिला, आणि तो गाईवर थांबला नाही, माणसांवरही वापरला गेला. दुर्गाडीकडच्या तबेल्यांत आम्ही दुधासाठी जात असू. म्हशी डोळ्यांत भरत, त्यांतल्या नर पारडांचे पुढे काय होते हे कोणी विचारीत नसे. दूध विकायचे, तर ते पारडाला कोण पाजणार! ठाकुर्लीच्या आगरी वस्तीतल्या आमच्या एका वर्गमित्राने खुराड्यातला एक कोंबडा पिल्लापासून वाढवला होता. आषाढाच्या अखेरीस, श्रावण लागण्याआधी, त्याचे जे व्हायचे ते झाले. मित्र त्या दिवशी जेवला नाही. त्याच्या आईने त्याला ना रागावले, ना समजावले. त्याच्यासाठी वेगळी भाकरी आणि सुकट पुढे केली. मायेने वाढवणे आणि कापणे या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेले ते घर होते, आणि त्यातले काहीही त्याने मुलापासून लपवले नाही. आमच्या पिंजऱ्यातला पक्षी मेला तेव्हा मात्र मुले शाळेतून येण्याआधी तसाच दुसरा आणून ठेवण्यात आला. मुलांना ते कळले होते, हे पुष्कळ वर्षांनी समजले.

आता सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली तसे स्पष्ट केले, हे चांगलेच झाले. लिफ्टमधून खाली उतरणारी कुत्री आमच्याकडे ओळखीने पाहतात.

आईची एक सवय मात्र त्या घरातून या घरात आली. तांदळाचे धुवण ती वेगळ्या भांड्यात काढून ठेवी. पारनाक्यावर ते गाईच्या घमेल्यात जाई. इथे ते प्यायला कोणी नव्हते. दिवसभर ते ओट्याच्या कडेला राही आणि संध्याकाळी गॅलरीतल्या तुळशीला घातले जाई.