जांभ्याच्या मुलखात चार दिवस

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही केरळला जाऊन आलो. आम्ही म्हणजे कोकणातल्या एका उर्दू शाळेतले चार शिक्षक आणि त्यांच्या घरची मंडळी, लहानथोर मिळून नऊ जण. केरळ म्हटलं की लोक मुन्नारचे चहाचे मळे आणि अलप्पुळाच्या हाऊसबोटी बघायला जातात. आम्ही गेलो मलप्पुरम जिल्ह्यात. आमच्या एका सहकाऱ्याचे थोरले भाऊ कुवेतमध्ये अकरा वर्षं एका मलबारी माणसाबरोबर एकाच खोलीत राहिले. दोघंही आता कायमचे घरी परतले आहेत. त्या मलबारी भाईंचा दर ईदला फोन येई, "एकदा सगळे घरी या." या वेळी खरंच गेलो.

रत्नागिरीला संध्याकाळी नेत्रावती एक्स्प्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी कोझिकोडला, म्हणजे जुन्या कालिकतला उतरलो. खिडकीतून बघताना आपण मुलूख सोडला आहे असं वाटतच नव्हतं. तीच लाल माती, तीच नारळी-पोफळी, खाड्यांवरचे पूल, कौलारू घरं. आपला सह्याद्रीच पुढे तिथवर गेला आहे. तो डोंगर आणि अरबी समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी म्हणजे केरळ. क्षेत्रफळ ३८,८६३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढं. एवढ्याशा जागेत ४४ नद्या आहेत. त्यांतल्या ४१ पश्चिमेला समुद्राकडे धावतात, तीनच पूर्वेला जातात. डोंगराच्या रांगेत पालक्काडजवळ एक मोठी खिंड आहे. तिच्यातून येणारी भारतपुळा नदी मलप्पुरम जिल्ह्यात पोन्नानीला समुद्राला मिळते. सोळाव्या शतकात याच पोन्नानीत शेख जैनुद्दीन मखदूम यांनी 'तुहफतुल मुजाहिदीन' हा अरबी ग्रंथ लिहिला. मलबारच्या मुसलमानांची आणि पोर्तुगीजांशी झालेल्या झगड्याची हकीकत त्यात आहे.

कोझिकोडला पहिला दिवस काढला. कुट्टिचिरा तळ्याकाठची मिश्काल मस्जिद पाहिली. चौदाव्या शतकात एका अरब व्यापाऱ्याने ती बांधली. तिला घुमट नाही, मिनार नाही. लाकडाचे मजले आणि त्यांवर उतरती कौलं. आमच्यातली मुलं म्हणाली, "ही तर आपल्याकडच्या वाड्यासारखी दिसते." १५१० साली पोर्तुगीजांनी तिला आग लावली होती, नंतर ती पुन्हा उभी राहिली. संध्याकाळी मानांचिरा मैदानावर गेलो. इथेच १८ एप्रिल १९९१ रोजी केरळ पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. ती घोषणा मंत्र्याने केली नाही. मलप्पुरम जिल्ह्यातल्या चेलक्कोडन आयेशा या वयस्क मुस्लिम बाईंनी केली. त्या साक्षरता मोहिमेतच अक्षरं शिकल्या होत्या. शिक्षक म्हणून आम्ही त्या मैदानावर जरा जास्त वेळ उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी बसने आत निघालो. भाईंचं गाव अंगाडिपुरमपासून जवळ. वाटेत चिऱ्याच्या खाणी लागल्या आणि आम्हा कोकणवाल्यांना आपलं घर आठवलं. आपण ज्याला जांभा म्हणतो त्या दगडाचं शास्त्रातलं नाव लॅटराइट, आणि ते नाव जगाला मिळालं ते याच अंगाडिपुरममुळे. फ्रान्सिस बुकानन नावाचा इंग्रजांचा सर्जन इथून फिरत गेला. जमिनीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीने कापता येणारा आणि हवा लागली की टणक होणारा हा दगड पाहून त्याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव दिलं. तिथे त्याचं स्मारकही आहे.

घरी पोचल्यावर उम्मांनी, म्हणजे भाईंच्या आईंनी, दारातच आमच्या मुलींना जवळ घेतलं. जेवायला पत्तिरी होती. आपल्या तांदळाच्या भाकरीची ही धाकटी, पातळ बहीण. सोबत नारळाच्या वाटणातलं मासळीचं कालवण. पहाटे आमच्यातले पुरुष मस्जिदीत गेले तर फजरला इमामसाहेबांनी कुनूत पढली. आपल्यासारखेच हे लोकही शाफई. भाषा कळत नव्हती, तरी परकं काही वाटेना.

पाणी मात्र वेगळं होतं. प्रत्येक पेल्यात गुलाबीसर, कोमट पाणी. भाईंची सून म्हणाली, "एका झाडाच्या लाकडाचा तुकडा टाकून उकळतो. रंग दिसला की कळतं, पाणी उकळलेलं आहे." ही सून गावची आशा कार्यकर्ती. बाहेरून कामाला आलेल्या मजुरांच्या वस्तीत जाऊन जाऊन ती कामापुरतं हिंदी शिकली आहे. तिने अंगणातली विहीर दाखवून सांगितलं, "आमचा दगड सच्छिद्र. पाऊस ३,००० मिलिमीटर पडतो, पण पाणी लगेच झिरपून जातं. आणि संडासाचा खड्डा विहिरीजवळ असला तर घाणही तशीच झिरपते." मलप्पुरममध्ये काविळीच्या साथी अधूनमधून येतात त्या यामुळेच. म्हणून विहिरीत क्लोरीन टाकायचं आणि पाणी उकळायचं. आमच्या कोकणातही जांभा आहे, विहिरी आहेत, खड्डेही आहेत. उकळलेलं पाणी किती घरांत पितात, याचा आम्ही मनात हिशेब केला.

केरळच्या आरोग्याचे आकडे आम्ही मुलांना वर्गात सांगतो. २०२० च्या सरकारी पाहणीत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत दगावणारी मुलं देशात २८, महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६ होती. पण हे काही अचानक झालेलं नाही, आणि सगळीकडे एकाच वेळी झालेलं नाही. दक्षिणेकडच्या त्रावणकोर संस्थानात राणी गौरी लक्ष्मीबाई यांच्या काळात, १८१३ मध्ये, देवीची लस टोचायला सुरुवात झाली. १८७९ मध्ये सरकारी नोकर, कैदी आणि विद्यार्थी यांना ती सक्तीची झाली. मलबार मात्र इंग्रजांच्या मद्रास इलाख्यात होतं. इथे शाळाही कमी आणि दवाखानेही कमी. त्यात १९२१ चं बंड. त्या नोव्हेंबरात तिरूरहून मालगाडीच्या बंद डब्यात कोंडून नेलेले सत्तरच्या आसपास कैदी गुदमरून मेले. भाई म्हणाले, "आमच्या आजोबांना सरकारी माणूस दारात दिसला की धडकी भरायची. ती भीती घरात राहते. कारण विसरलं तरी राहते."

१ नोव्हेंबर १९५६ ला त्रावणकोर-कोची, मलबार आणि कासरगोड जोडून केरळ राज्य झालं. १९५७ ला कोझिकोडला मेडिकल कॉलेज आलं. सी. एच. मुहम्मद कोया शिक्षणमंत्री असताना, १९६८ मध्ये, कालिकत विद्यापीठ मलप्पुरमच्याच भागात उभं राहिलं. १९६९ मध्ये मलप्पुरम जिल्हा झाला. मग मुली शिकल्या, आखाती पैसा आला, ग्रामपंचायतीच्या हातात प्राथमिक आरोग्य केंद्र आलं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात ९३ टक्क्यांवर साक्षरता होती आणि सुमारे सत्तर टक्के वस्ती मुसलमानांची. मागासलेपण आपल्या कौमच्या नशिबात लिहिलेलं नाही, याचा याहून चांगला पुरावा आम्हाला दुसरा माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सुनेबरोबर आम्ही गल्लीत फिरलो. एका घरात लकव्याने पाच वर्षं अंथरुणाला खिळलेले एक बुजुर्ग होते. नर्स आली, तिने लघवीची नळी बदलली, पाठीची जखम धुतली. तिच्याबरोबर दोन स्वयंसेवक होते. एक रिक्षावाला, दुसरा किराणा दुकानदार. याला इथे सगळे 'पॅलिएटिव्ह' म्हणतात. जो आजार बरा होणार नाही, त्याच्या वेदना कमी करायच्या आणि घरच्यांना एकटं पडू द्यायचं नाही. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात हे काम सुरू झालं. पुढे मलप्पुरमच्या गावागावांत शेजाऱ्यांनीच ते उचललं, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरण केलं. रिक्षावाल्याला आम्ही विचारलं, "पगार मिळतो?" तो हसला. म्हणाला, "आजारी शेजाऱ्याकडे जायला पगार कशाला?" शेजाऱ्याच्या हक्कावर आमच्याकडे दर जुम्याला तकरीर होते. इथे त्याची पाळी लावलेली असते, सोमवारी कोण आणि मंगळवारी कोण.

एवढं सगळं पाहून आम्ही भारावून गेलो होतो. रात्री ओट्यावर सुलेमानी चहा पिताना तसं बोलूनही दाखवलं. भाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमची चांगली बाजू तुम्ही पाहिलीत. आता दुसरी ऐका."

२०१५ आणि २०१६ मध्ये मलप्पुरममध्ये घटसर्प परत आला. हा आजार आता संपला असं सगळे समजत होते. लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलं त्यात सापडली आणि काही दगावली. त्यांत भाईंच्या धाकट्या बहिणीचा आठ वर्षांचा मुलगा होता. "मी तेव्हा कुवेतमध्ये. मोबाईलवर मेसेज यायचे, लशीत हराम वस्तू आहे, मुलं पुढे बापच होणार नाहीत. मी बहिणीला फोन करून सांगितलं, सुई लावू नकोस. तिने माझं ऐकलं. घशात पांढरा पापुद्रा धरला, श्वास अडकला. मी विमानाने आलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं." बहीण आजही येते-जाते, चहा करून देते. त्या विषयावर ती एकदाही बोललेली नाही.

आम्हा चौघा शिक्षकांना त्या रात्री झोप लागली नाही. कारण तोच मेसेज, फक्त उर्दूत, आमच्या शिक्षक-खोलीतही आला होता. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना शाळाशाळांतून लस द्यायची होती. आमच्या शाळेत ४३ पालकांनी नकाराचे फॉर्म पाठवले. आमच्या स्वतःच्या मुलांना आम्ही लस दिली, पण पालकांशी वाद नको म्हणून ते ४३ फॉर्म गठ्ठा बांधून कपाटात ठेवले. एकाही घरी गेलो नाही. त्यांतल्या एका मुलीचं कुटुंब पुढे वडिलांच्या कामामुळे गोवंडीला गेलं. २०२२ च्या हिवाळ्यात तिथे गोवराची साथ आली तेव्हा तिचा दोन वर्षांचा भाऊ आजारी पडला. त्यालाही लस नव्हती. गोवरातून न्यूमोनिया झाला, कान वाहिला. अल्लाहच्या मेहरबानीने जीव वाचला, पण एका कानाने त्याला ऐकू येत नाही. त्याच नोव्हेंबरात केंद्राची पथकं रांची आणि अहमदाबादप्रमाणे मलप्पुरमलाही गेली होती, कारण गोवर तिथेही पसरला होता. म्हणजे एक साथ गेली, लोक शिकले, आणि तरी काही घरं राहिलीच होती.

सकाळी आम्ही सुनेला विचारलं, "नकार देणाऱ्या घरी तुम्ही काय बोलता?" ती म्हणाली, "पहिल्या दिवशी काहीच बोलत नाही. चहा पिते. बाळाचं वजन करते. दुसऱ्यांदा जाते तेव्हा भीती कसली आहे ते ऐकते. एका घरी सात वेळा गेले. सहाव्या वेळी मदरशाच्या उस्तादांना बरोबर नेलं. त्यांनी स्वतःच्या मुलाचं कार्ड दाखवलं." आणि भाई? भाई आता तिच्याबरोबर जातात. दारात उभे राहून भाच्याची गोष्ट सांगतात. ते म्हणाले, "मला सांगायला आवडत नाही. पण ज्याने नको म्हटलं होतं, त्यानेच सांगितलं तर लोक ऐकतात."

निरोप घेताना उम्मांनी नारळाच्या तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स बांधून दिले. परतीच्या गाडीत आम्ही शाळेच्या पटावर कोण राहिलं असेल त्याची यादी करू लागलो.

सुट्टी संपल्यावर कपाट उघडलं. जुने फॉर्म मिळाले, पण ती मुलं आता शाळा सोडून गेली आहेत. मग आताच्या मुलांची आणि त्यांच्या धाकट्या भावंडांची लसीकरण कार्डं मागवली. १९ मुलांचे डोस राहिलेले निघाले. मोहल्ल्यातल्या आशाताई आणि इमामसाहेब यांना घेऊन आम्ही दोघं-दोघं करून घरोघरी गेलो. त्या ४३ फॉर्मची गोष्ट लपवली नाही. आतापर्यंत ११ मुलांना लस मिळाली आहे. पाच घरांनी "बघू" म्हटलं आहे. तिघांनी दार उघडलं, पण चहा विचारला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, हे वाचून झाल्यावर घरातल्या लहानांचं कार्ड एकदा काढून बघा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. घटसर्पाच्या लशीचे पहिले तीन डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात, बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पुन्हा पाच-सहा वर्षांना, आणि नंतर दहाव्या व सोळाव्या वर्षी. बरेच लोक पाचव्या वर्षाचा बूस्टर विसरतात. एखादा राहिला असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. तिथे या लशी मोफत मिळतात.

त्या तीन घरी आम्ही येत्या इतवारी पुन्हा जाणार आहोत. ही आमची दुसरी खेप असेल.