नाममुद्रा, प्रसिद्धी आणि एक मोसंबीची बाग

माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती मी २००९ साली पदरच्या पैशाने छापून घेतल्या. त्यांतील दोनशेच्या आसपास प्रती अद्याप घरातील लोखंडी पेटीत आहेत. जालन्यासारख्या जिल्ह्याच्या गावी राहून कविता लिहिणाऱ्याला या अनुभवात नवे काही वाटणार नाही. प्रकाशक पुण्या-मुंबईत, समीक्षक विद्यापीठांत, आणि वाचक कोठे आहे हे कोणालाच निश्चित माहीत नाही, अशी आपल्या वाङ्मयीन व्यवहाराची रचना दीर्घकाळ राहिली. त्यामुळे २०१२ साली एका विद्यार्थ्याने मला फेसबुकवर खाते उघडून दिले, तेव्हा मला झालेला आनंद कबूल करताना आज संकोच वाटत नाही. मधला संपादक नाही, टपालाची वाट नाही, साभार परत नाही. लिहावे आणि त्याच क्षणी ते कोणाच्या तरी डोळ्यांसमोर जावे, हे कवीचे जुनेच स्वप्न होते.

त्या वर्षीचा पाऊस जिल्ह्याने पाहिलाच नाही. २०१२-१३ च्या त्या दुष्काळात जालना शहराला पाणी पाजणारा घाणेवाडीचा तलाव आटला, आणि बदनापूर, अंबड, घनसावंगी या पट्ट्यातील मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. माझ्या चुलत्यांची बाग त्यांतलीच. सोळा वर्षांची झाडे त्यांनी स्वतः उभे राहून तोडून घेतली, आणि मी बांधावर उभा राहून ते पाहिले. त्यावर लिहिलेली चौदा ओळींची कविता मी फेसबुकवर टाकली. संग्रहाला तीन वर्षांत जेवढे वाचक लाभले नव्हते, त्यांहून अधिक लोकांनी एका रात्रीत पसंतीची खूण केली. मी रात्री दोन वेळा उठून आकडा पाहिला.

पुढील चार-पाच वर्षांत माझ्या लेखनाचे काय झाले, हा या निबंधाचा एक विषय आहे. माध्यम केवळ वाहक असते, आशय तोच राहतो, अशी माझी समजूत होती. ती भ्रामक ठरली. कवितेतील कोणती ओळ वेगळी काढून मिरवता येईल, याचा अंदाज मला लिहितानाच येऊ लागला, आणि हळूहळू मी तीच ओळ आधी लिहून उरलेली कविता तिच्यापाठोपाठ आणू लागलो. संदिग्धता कमी झाली. प्रतिमा एका वाचनात उलगडतील इतक्या स्वच्छ झाल्या. प्रसंगानुरूप, म्हणजे पोळ्याला बैलावर, पंढरीच्या वारीत विठ्ठलावर आणि गारपीट झाली की त्याच संध्याकाळी गारपिटीवर, मी लिहू लागलो. नेमाड्यांनी 'लेखकराव' हा शब्द मराठी समीक्षेला दिला तेव्हा त्यांच्यासमोर सभा-संमेलने आणि सत्कार होते. लेखकराव व्हायला आता घराबाहेरही पडावे लागत नाही.

भवभूतीने आपल्या उपेक्षेला दिलेले उत्तर आपण वर्गात शिकवतो. काल निरवधी आहे आणि पृथ्वी विपुल आहे, त्यामुळे कोणी तरी समानधर्मा कोठे तरी असेल किंवा पुढे जन्माला येईल, हा तो विश्वास. या विश्वासाला दोन आधार आहेत, एक स्थलाचा आणि एक कालाचा. नव्या माध्यमाने पृथ्वी खरोखरच विपुल केली. मंठ्यात लिहिलेले शिकागोतील मराठी माणूस पाच मिनिटांत वाचतो. परंतु त्याच माध्यमाने दुसरा आधार काढून घेतला. तेथे निरवधी काल नाही, एक संध्याकाळ आहे. त्या संध्याकाळी कविता वर राहिली नाही तर ती खाली जाते, आणि कोणापुढे काय ठेवायचे हे माध्यमाच्या मालकांची गणिती यंत्रणा ठरवते. पैसे भरल्यास ती अधिकांपुढे ठेवते. कवीला समानधर्मा शोधण्याऐवजी आता जमाव टिकवावा लागतो.

प्रसाराची चिंता पूर्वीच्यांना नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. याच जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, आरंभापासून अखेरपर्यंत ते एकसारखे राहावे, फार बारीक लिहू नये कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही, इतका बारीक विचार तेथे आढळतो. मठामठांतून ग्रंथाच्या प्रती होत गेल्या, ही प्रसाराचीच व्यवस्था होती. पण त्या व्यवस्थेत प्रत करणारा हा आधी वाचक होता. ओवी हाताखालून गेल्याशिवाय ती दुसऱ्या कागदावर उतरत नसे. साठच्या दशकातील अनियतकालिकांचेही काहीसे असेच होते. चक्रमुद्रणाची शाई बोटांना लावून घेणारा माणूस मजकूर वाचलेला असे. आजचा 'फॉरवर्ड' करणारा मात्र न वाचता प्रत करू शकतो. प्रतीची निर्मिती आणि वाचन यांची इतकी पूर्ण फारकत आपल्या वाङ्मयेतिहासात पूर्वी झाली नसावी.

या फारकतीचा दुसरा परिणाम नावावर होतो. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा आपण केवळ भक्तीच्या परंपरेचा संकेत म्हणून शिकवतो. मौखिक प्रसारात कर्त्याचे नाव संहितेपासून गळून पडू नये, ही तिची व्यावहारिक बाजू आपण पुरेशी ध्यानात घेत नाही. नाव चरणात आणि छंदात बसवले की ते काढताना छंदच मोडतो. तरीही सालोमालो निघालाच, आणि तुकोबांना त्याची तक्रार करावी लागली. पण सालोमालोला निदान स्वतःचे नाव तेथे घालायचे होते, कविता हवीशी वाटल्याखेरीज कोणी ती चोरत नाही. आता नाव गळते ते कोणालाही नको असते म्हणून. व्हॉट्सॲपने २०१८ पासून पुढे धाडलेल्या मजकुरावर तशी खूण करण्यास आरंभ केला. मजकूर दुसऱ्याचा आहे एवढे ती सांगते, तो कोणाचा आहे ते सांगत नाही.

माझी बागेची कविता २०१६ च्या सुमारास आमच्याच भावकीच्या समूहावर परत आली. दोन ओळी कमी झाल्या होत्या, एक शब्द बदलला होता, आणि खाली एका थोर, दिवंगत कवीचे नाव होते. मी तत्काळ खुलासा टाकला. एका आतेभावाने हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह पाठवले. दुसऱ्याने लिहिले, "दादा, त्यांची स्टाइल मस्त उचलली." मी हतबुद्ध झालो. पुढे महिनाभरात ती कविता एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या श्रद्धांजलीच्या फलकावर छापलेली पाहिली. तेथे कोणाचेच नाव नव्हते. त्या फलकापुढे उभे राहून माझ्या मनात पहिला विचार आला तो आपल्या नावाचा, ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा चुलत्यांपुढे हे गाऱ्हाणे मांडले. ते सुपारी कातरत ऐकत होते. मग म्हणाले, "तुपलं नाव गेलं म्हून तू एवढी हळहळ करतूस. बाग मपली व्हती. मपलं नाव कुठं व्हतं त्यात?"

त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच मला उत्तर देता आले नाही. कवितेतील झाडे त्यांची, कुऱ्हाड त्यांची, झाड पडताना त्यांच्या तोंडून निघालेले आणि कवितेतील सर्वांत गाजलेले ते वाक्यही त्यांचे. मी त्यांना विचारले नव्हते, नंतर कविता वाचूनही दाखवली नव्हती. त्यांचे दुःख मी न सांगता पुढे धाडले होते, त्यांची मुद्रा काढून माझी लावून. माझ्या मजकुराचे पुढे जे झाले ते त्याच व्यवहाराची पुढली पायरी होती. अनुभवाचे साहित्यात रूपांतर होते, असे आपण सहज म्हणतो, आणि ते खोटेही नाही. पण त्या रूपांतरात कोणाचे नाव उरते, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राने नैतिकतेच्या खात्यावर टाकून स्वतःची सुटका करून घेतली आहे. मीही तेच केले होते.

मी ते माध्यम सोडलेले नाही. पेटीतील दोनशे प्रतींकडे परतणे हे वैराग्य ठरले नसते, तो केवळ रुसवा झाला असता. परंतु प्रकाशन, प्रसार आणि प्रसिद्धी हे तीन शब्द मी आता एकमेकांच्या जागी वापरत नाही. कविता प्रकाशात आणणे कवीचे काम आहे, तिचा प्रसार वाचकांनी करायचा असतो, आणि प्रसिद्धी ही या दोहोंची सावली आहे. सावली मोजून झाडाची उंची काढता येते खरी, पण त्या वेळी ऊन कोणत्या बाजूने आहे हे ठाऊक असावे लागते. लिहिलेली कविता आता मी काही महिने वहीत ठेवतो. ज्याच्या आयुष्यातून ती आली त्याला ती आधी वाचून दाखवतो.

बागेची कविता चुलत्यांना चार वर्षे उशिरा वाचून दाखवली. मोठा चष्मा लावून त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला, आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले की झाडे सोळा वर्षांची नव्हती, सतराव्यात होती. मी ती ओळ दुरुस्त केली. छंद थोडा अडखळतो, तो तसाच ठेवला आहे. फिरणाऱ्या प्रतींत मात्र अद्याप सोळाच आहेत.