डिकीतली पाहुणी

ती डिकीत राहते. काळी, जाड, पाच-सहा मीटर लांब. एका टोकाला गिझरला असते तशी सोळा अँपियरची तीन पिनांची खुंटी, दुसऱ्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ आणि मध्ये, अजगराने ससा गिळावा तसा, एक चौकोनी डबा. डब्यावर दिवे. हिरवा लागला की ती खूश, लाल झाला की रुसली. गाडी घेतली त्या दिवशी विक्रेत्याने पडद्यापासून छतापर्यंत सगळ्यांची ओळख करून दिली. हिच्यापाशी, म्हणजे चार्जिंगच्या केबलपाशी, आला तेव्हा 'ही असू द्या, कधीतरी लागेल' एवढंच म्हणाला. लग्नघरात कोपऱ्यात बसलेल्या लांबच्या आत्याबद्दल बोलतात तसं.

पुण्यात तिला कोणी विचारत नाही. हमरस्त्यावरही नाही, तिथे तासाभरात गाडीचं पोट भरणारे धिप्पाड चार्जर उभे असतात. तिचं राज्य सुरू होतं ते डांबर संपल्यावर.

विजेवरची गाडी आडवाटेला चालेल का, हा प्रश्न लोक अजून विचारतात आणि उत्तराला गाडीकडे बघतात. गाडीचा प्रश्न बराचसा सुटला आहे. पुण्यातच बनणाऱ्या हॅरियर ईव्हीच्या चारही चाकं ओढणाऱ्या प्रकारात पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या मोटारी आहेत. दोन्ही मिळून ५०४ न्यूटन-मीटरचा पीळ. तो मिळवायला इंजिनासारखी घरघर वाढवावी लागत नाही, क्लच जाळावा लागत नाही. चाक जागेवर उभं असतानाच सगळा जोर हजर. मोटार श्वास घेत नाही, म्हणून ओढा ओलांडताना नाकात पाणी जाण्याची भीती नाही. उणं आहे ते वजनात. पोटाखाली काही शे किलोंची बॅटरी घेऊन चिखलात उतरलं की चाकं आधी रुततात, आणि एखादा टोकदार दगड नेमका त्या पोटालाच शोधत येतो. एक गंमत मात्र नव्याने कळते. घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून निघालात, तर उतारावर मोटारीचा ब्रेक नीट लागत नाही. उतरताना तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते. भरल्या पोटी वाढायला गेलं की पान मागे सरकतं तसं.

डिकीतल्या केबलचा खरा प्रतिस्पर्धी जेरीकॅन. दुसऱ्या महायुद्धापासून आडवाटेच्या प्रवाशाच्या पाठीला लागलेला वीस लिटरचा डबा. डिझेलच्या एका लिटरात साधारण दहा युनिट ऊर्जा असते, म्हणजे डब्यात दोनशे. इंजिन त्यातली दोन तृतीयांश धुरात आणि उष्णतेत घालवतं, तरी उरते ती जवळपास मोठ्या बॅटरीएवढी, आणि वजन वीस किलोच्या आसपास. हिच्याकडे असा साठा नाही. ही रिकाम्या हाताने येते आणि दारात उभी राहून मागते. जेरीकॅनवाला कोणाचा मिंधा नसतो. हिला घेऊन निघालेल्याला मात्र घर लागतं, घरात माणूस लागतो.

मला ते पिरियापट्टणला कळलं. एप्रिल होता. मडिकेरीच्या पुढे मांडलपट्टीच्या दगडधोंड्यांवर जुन्या जीपगाड्या पर्यटकांना घुसळत नेतात, तिकडे जायचं होतं. म्हैसूर सोडलं, हुणसूर गेलं, आणि मी भरवसा ठेवलेला चार्जर बंद निघाला. पिरियापट्टणच्या बाहेर एका शेतघरापाशी थांबलो. अंगणाच्या कडेला तंबाखू भाजायची उंच भट्टी, हंगाम नसल्याने थंड पडलेली. सावलीत तंबाखूच्या रोपांचे ट्रे. घरचे यजमान बाहेर आले. माझं कन्नड चार शब्दांचं, त्यांचं हिंदी पाच. तिला हातात धरून दाखवली तेव्हा सगळं कळलं.

खुंटी बसली. दिवा लाल.

ही बाई नाकाने कांदे सोलणारी. फ्रिज, पंखा, मिक्सर तिथे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेले. हिला आधी अर्थिंग हवं. ते नीट नसेल तर गाडीला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो, म्हणून डबा वीज सोडतच नाही. यजमान म्हणाले, "अर्थ इल्ला." अर्थ नाही. कन्नडमध्येही आणि मराठीतही त्या वाक्याने मी थोडा खचलो. मग त्यांनी घरामागे नेलं. अर्थिंगचा खड्डा उन्हाने भेगाळला होता. घरातल्या अज्जींनी मूठभर मीठ आणलं, मुलाने दोन बादल्या पाणी ओतलं. कोणाची तरी दृष्ट काढावी तसा तो सोहळा. दहा मिनिटांनी दिवा हिरवा.

आणि घरातली ट्यूब मंदावली. तेव्हा गाडीच्या पडद्यावर दहा अँपियर करून तिला आवरलं. तासाला दोन युनिट. मी ओशाळून म्हणालो, सकाळपर्यंत लागेल. यजमानांनी भट्टीकडे बोट दाखवलं: पानं पिवळी व्हायला, सुकायला, देठ वाळायला पाच-सहा दिवस लागतात, रात्रंदिवस आच सांभाळायची. एका रात्रीचं काय घेऊन बसलात? "ऊट आय्ता?" जेवण झालं का? मग नाचणीचे मुद्दे, सारू.

जेवताना तिच्या खापरपणजीची आठवण झाली. १९०२ साली याच म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारेवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना नेली होती. कावेरीची वीज. सव्वाशे वर्षांनंतर, कावेरीपासून फार लांब नसलेल्या अंगणात, शेवटचे पाच मीटर मिठापाण्याने जोडावे लागत होते.

मी एकटाच असा नाही. वीबे वाकर नावाचा डच तरुण २०१६ साली विजेवरची गाडी घेऊन नेदरलँड्सहून निघाला आणि २०१९ मध्ये सिडनीला पोचला. ३३ देश, सुमारे ९५ हजार किलोमीटर. जेवण, झोपायला जागा आणि एक प्लग एवढंच तो लोकांकडे मागत गेला. तीन वर्षं लागली, यात मला नवल वाटत नाही. आमच्या घरी पाहुणा तीन दिवसांच्या आत निघाला तर आई रागावायची.

हायब्रिडचं म्हणाल, तर बंगळूरहून म्हैसूरला येताना बिडदीला टोयोटा-किर्लोस्करांचा कारखाना लागतो. तिथली इनोव्हा हायक्रॉस स्वतःची वीज स्वतः करते, कोणाच्या दारी जात नाही, पण जोर फक्त पुढच्या चाकांना. लेह-स्पितीला महिनाभर भटकायचं तर प्लगही असलेली, इंजिनही असलेली आणि चारही चाकं ओढणारी गाडीच बरी, असं माझं मत आहे. नुसत्या बॅटरीवर तिकडे जाणाऱ्याने वेळ आणि संकोच दोन्ही घरी ठेवू नयेत.

सकाळी बावीस युनिट भरले होते. मडिकेरीचा चढ, मांडलपट्टी आणि परत, जेमतेम पण पुरले. निघताना पैसे पुढे केले तर यजमान हसले. सरकारच्या गृहज्योती योजनेत त्यांना बिलच येत नाही, शून्य. मीही हसलो, तिची गुंडाळी केली आणि तंबाखूच्या वासासकट डिकीत ठेवली.

फुकट वीज घराच्या जुन्या सरासरीवर थोडी वाढ धरून मिळते, त्यापुढच्या युनिटांचे पैसे पडतात, हे मला नंतर कळलं. फोन केला. त्या महिन्यात त्यांना बिल आलं होतं. मी पाठवतो म्हटलेले पैसे त्यांनी अजून घेतलेले नाहीत.