डबाच लपतो तेव्हा...

दोस्तांनो, डबा ऐसपैस तुम्ही खेळला असालच. डबा मधोमध उभा असतो आणि गडी लपतात. ज्याच्यावर राज्य आलं, त्यानं डबाही सांभाळायचा आणि गडीही शोधायचे. आता समजा, सगळं उलटं झालं तर? डबाच लपून बसला आणि सगळे गडी त्याला शोधायला निघाले तर? आणि तेही गल्लीत नव्हे, अख्ख्या पृथ्वीवर!

असा खेळ खरोखरच आहे. त्याचं नाव जिओकॅशिंग. यातली ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे बरं का! मूळ फ्रेंच शब्द आहे तो, आणि त्याचा अर्थ लपवून ठेवलेली वस्तू. हा खेळ जिथे जन्मला, त्या गावी मी गेल्या ऑक्टोबरात जाऊन आलो. तिथे एका फुटक्या डब्यानं मला जो धडा दिला, तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन नावाचं राज्य आहे. तिथल्या पोर्टलंड शहराजवळ माझी ताई राहते. संगणकाच्या चिप बनवण्याच्या कामासाठी तिथे गेलेली मराठी घरं बरीच आहेत, त्यातलंच हे एक. मी पोचलो त्या दिवशी पाऊस होता, आणि पुढे रोजच होता. आपला कोकणातला पाऊस कसा वाजतगाजत येतो! हा येतो चोरपावलांनी. भुरभुर, भुरभुर. पडतोय असं वाटतच नाही आणि तासाभरात अंगातला सदरा ओला! ऑक्टोबर ते मे असंच चालतं म्हणे. त्यामुळे झाडांच्या बुंध्यांवर हिरवंगार शेवाळ, पायाखाली नेच्यांची दाटी, आणि वाटेवर वीतभर लांबीच्या पिवळ्या गोगलगाई. शंख नसलेल्या!

“मामा, बूट घाल. आज तुला तीर्थयात्रेला न्यायचंय,” आमच्या भाचेबाईंनी फर्मान काढलं. वय वर्षं बारा, खेळातला अनुभव तीन वर्षांचा.

आम्ही ऑरेगन सिटीवरून निघालो. तिथे विलॅमेट नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळलेला धबधबा आहे. उंची जेमतेम बारा मीटर, पण रुंदी पाहून छाती दडपते. १८४० नंतरच्या काळात हजारो माणसं बैल जुंपलेल्या गाड्यांतून सुमारे ३२०० किलोमीटर प्रवास करून इथवर आली होती. तिथून पुढे उंच उंच डग्लस फरची झाडं लागली आणि आलं बीव्हरक्रीक. झाडी, शेतं, विखुरलेली घरं. रस्त्याकडेला एका दगडावर धातूची पाटी. झालं, हीच तीर्थयात्रा!

“एवढंच?” मी म्हणालो.

“मामा, आधी गोष्ट तर ऐक!”

ती गोष्ट अशी. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांकडून आपण कुठे आहोत ते कळतं, त्या यंत्रणेला जी.पी.एस. म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पण २००० सालापर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दामच चूक मिसळत असे. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत गफलत व्हायची. १ मे २००० च्या मध्यरात्री ही चूक मिसळणं थांबलं आणि गफलत दहा-वीस मीटरांवर आली. मग डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांच्या डोक्यात आलं की याची गंमत करून पाहावी. ३ मे रोजी त्यांनी इथे एक प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरली. आत पुस्तकं, चित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा एक हवाबंद डबा ठेवला. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधलीसुद्धा! नियम साधा होता. एखादी वस्तू घ्यायची, एखादी ठेवायची आणि वहीत नोंद करायची.

“मग ती बादली कुठे आहे?”

“मोडली! गवत कापायच्या यंत्राखाली आली म्हणतात. घेवड्याचा डबा तेवढा नंतर सापडला. म्हणून २००३ मध्ये ही पाटी बसवली.”

म्हणजे पाहा, या खेळातला पहिला डबाच मोडला होता. डबे मोडतात, भिजतात, चोरीला जातात. आज जगभर लाखो डबे लपलेले आहेत. मग त्यांची दुरुस्ती करतं कोण? हा प्रश्न मला पडला आणि त्याच दुपारी उत्तर मिळायची वेळ आली.

क्लॅकमस नदीच्या बाजूच्या जंगलात भाचीला आणखी एक डबा शोधायचा होता. फोनवरचा बाण आम्हाला एका ओहळापाशी घेऊन गेला आणि तिथे भिरभिरायला लागला. दाट झाडीत उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत, त्यामुळे शेवटचे आठ-दहा मीटर आपल्या डोळ्यांनीच पार करायचे. काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळीत माझी बाही अडकली. या जाळीचं नाव ‘हिमालयन’, पण तिचा हिमालयाशी काही संबंध नाही! अर्ध्या तासानं एका आडव्या पडलेल्या खोडाच्या पोकळीत भाचीला डबा दिसला.

झाकणाला मोठी भेग होती. आत दोन बोटं पाणी. त्यात एक रबरी बेडूक, काही गोट्या आणि फुगलेली, बुरशीचा वास मारणारी वही.

मी पुढे सरसावलो. “ही घाण आधी कचऱ्यात टाकू. आणि हा घे आपला चिवड्याचा डबा. रिकामा करतो आणि ठेवून देतो. झाली दुरुस्ती!”

भाची माझ्याकडे बघतच राहिली. “मामा, हा डबा आपला आहे का?”

“नाही, पण...”

“मग? मालकाला न विचारता नवा डबा ठेवायचा नाही. जुना डबा दुसरीकडे असला तर एका जागी दोन डबे होतात. आणि पुढे नव्याची काळजी घेणार कोण? तू तर पुण्याला जाणार. शिवाय याला चिवड्याचा वास आहे. रॅकून येऊन चावून टाकतील.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. या खेळात खाण्याची वस्तू ठेवायला बंदी आहे ती याचसाठी. आणि डबा ज्यानं लपवला, त्यानंच तो सांभाळायचा असतो. म्हणूनच प्रवासाला गेलेल्या माणसानं परगावी डबा ठेवून निघून जायचं नाही, असाही नियम आहे.

“मग काहीच करायचं नाही?”

“करायचं ना!” तिनं पाणी ओतून टाकलं, डबा रुमालानं कोरडा केला, वही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि भेगेचा फोटो काढला. फोटोत खोड येणार नाही याची काळजी घेतली. नाहीतर पुढच्यांची गंमतच जायची! मग सगळं होतं तसं परत ठेवून, भेग खालच्या बाजूला येईल असं बसवलं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं त्या डब्याच्या आधीच्या नोंदी उघडल्या. उन्हाळ्यापासून आठ जणांनी तो शोधला होता. आठही जणांनी लिहिलं होतं, ‘सापडला, धन्यवाद!’ भेगेबद्दल कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. भाचीला संताप आला. तिनं भराभर लिहिलं, ‘हा डबा नव्हे, कचरा आहे. यादीतून काढून टाका.’

पाठवणार एवढ्यात ताई मागून म्हणाली, “तुझी वही भिजली आणि बाईंनी त्यावर एवढंच लिहिलं, तर तुला काय वाटेल?”

भाची गप्प झाली. थोड्या वेळानं तिनं ते पुसलं. तक्रारीच्या पायऱ्या तिला पाठ होत्या, रागात विसरली होती इतकंच. डबा मिळाला नाही तर ‘सापडला नाही’ असं प्रामाणिकपणे लिहायचं, त्यात लाज कसली? एकाला सापडला नाही म्हणजे गेला असं नव्हे, पण लागोपाठ चौघांना सापडला नाही तर मालक समजून जातो. डबा मोडलेला दिसला तर ‘मालकानं लक्ष द्यावं’ अशी नोंद करायची. मालक दुरुस्ती करून तसं लिहितो आणि मगच ती खूण निघते. मालक बरेच दिवस काही बोललाच नाही, तर तिसरी पायरी तपासनिसाची. हे तपासनीस बिनपगारी काम करणारे स्वयंसेवक असतात. तेही आधी मालकाला मुदत देतात, बहुधा चार आठवडे. त्यानंतरच डबा यादीतून जातो. भाची थेट शेवटच्या पायरीवर उडी मारायला निघाली होती!

तिनं नव्यानं लिहिलं, ‘आज डबा सापडला. जागा फार आवडली. झाकणाला बोटभर लांब भेग आहे, आत पाणी होतं. वही भिजली आहे, ती पिशवीत ठेवली आहे. आम्ही जवळच राहतो. मदत हवी असेल तर सांगा.’

चार दिवसांनी उत्तर आलं. डबा एका आजींचा होता. कमरेच्या हाडाची शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्यांना जंगलात जाता येत नव्हतं. भेगेबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. नवा डबा तुम्ही ठेवाल का, असं त्यांनी विचारलं होतं. आणि शेवटी एक ओळ होती: वही कितीही खराब झाली असली तरी कृपा करून टाकू नका. २००४ मध्ये माझ्या मुलानं आणि मी मिळून तो डबा लपवला होता. तो नऊ वर्षांचा होता. आता तो नाही. पहिल्या पानावर त्याचं अक्षर आहे.

खरं सांगतो, माझ्या पोटात धस्स झालं. ‘ही घाण कचऱ्यात टाकू’ असं मी म्हणालो होतो!

दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. चारही बाजूंनी कडी बसणारा नवा पारदर्शक डबा नेला. त्यावर ‘हा खेळातला डबा आहे’ असं बाहेरून ठळक लिहिलं. हेही महत्त्वाचं बरं! इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली असाच एक डबा बॉम्ब समजून लष्कराच्या पथकानं उडवून दिला होता. नवी वही ठेवली, सोबत पेन्सिल. पेन नाही, पेन्सिलच. का ते लगेच सांगतो.

जुनी वही आम्ही घरी आणली. ताईनं पानांमध्ये कोरडे कागद घातले आणि वही पंख्यासमोर ठेवली. कागद ओले झाले की बदलायचे. हे काम तीन दिवस चाललं. शाईनं लिहिलेली पानं निळी-जांभळी होऊन गेली होती, एक अक्षर लागेना. पहिलं पान उघडताना भाचीचा हात थरथरत होता. त्या पानावर मोठ्या, वाकड्या अक्षरांत चार ओळी होत्या. पेन्सिलनं लिहिलेल्या. जशाच्या तशा! पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते अक्षर वीस वर्षांनंतरही शाबूत होतं.

माझ्या निघायच्या आदल्या दिवशी आजी काठी टेकत घरी आल्या. वही हातात घेतली, पहिलं पान पाहिलं, मिटली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग भाचीला म्हणाल्या, “वीस वर्षांत एवढं नीट कोणी लिहून कळवलं नव्हतं.” भाची लाजून माझ्यामागे लपली. डबा ऐसपैसच म्हणा ना!

दोस्तांनो, हा खेळ आपल्याकडेही खेळतात. तुम्हाला खेळावासा वाटला तर घरच्या मोठ्यांना सोबत न्या. खणायचं नाही, किल्ल्यांच्या भिंतीत काही कोंबायचं नाही, जागा ज्याची असेल त्याची परवानगी घ्यायची.

पुण्याला परत आलो, तेव्हा आमच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा बंद होता. तो मी जायच्या आधीपासूनच बंद होता. येता-जाता प्रत्येक जण कुरकुरायचा, मीसुद्धा. या वेळी मात्र एक चिठ्ठी लिहिली: दुसऱ्या मजल्याचा दिवा, दीड महिना बंद, आजोबांना पायरी दिसत नाही, बल्ब आणायला मी जाऊ का? आणि सेक्रेटरींच्या दारात सरकवली.

संध्याकाळी दिवा लागला. सेक्रेटरी जिन्यातच भेटले. म्हणाले, “अहो, मला कोणी सांगितलंच नव्हतं!”