तंबू गाडीत, मुक्काम चामराजपुरमला

मे महिन्यात म्हैसूरला आलेला मराठी पाहुणा बहुधा दोन दिवसांत परत जातो. राजवाडा, चामुंडीची टेकडी, प्राणिसंग्रहालय, संध्याकाळी वृंदावन गार्डनची कारंजी आणि मधल्या वेळात रेशमी साडी व म्हैसूर पाक. सगळीकडे रांग आणि सगळीकडे घाम. आमचे बिऱ्हाड चामराजपुरममध्ये असल्यामुळे दर उन्हाळ्यात असे पाहुणे असतातच. त्यांना आम्ही एकच सांगतो. स्वतःची गाडी घेऊन या, तंबू असेल तर तोही टाका आणि दोन दिवसांऐवजी सहा दिवस काढा. या शहराच्या आसपास कावेरी आणि कपिला या दोन नद्या आहेत, राजांनी बांधलेले बंधारे, कालवे आणि तळी आहेत. त्यांच्या काठाने पायी हिंडणारे मात्र फार थोडे.

पुण्याहून अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास पडते. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करीत हिरियूरपर्यंत बंगळूरचाच महामार्ग. तिथून मात्र बंगळूरच्या गर्दीत न शिरता हुळियार, नागमंगल, पांडवपुरमार्गे श्रीरंगपट्टणला उतरावे. मुले बरोबर असतील तर एका दिवसात हे अंतर कापण्याचा हट्ट नको. हुबळीला किंवा चित्रदुर्गला रात्र काढावी.

आता तंबूविषयी. परदेशात गाडी लावून शेजारी तंबू ठोकण्यासाठी राखलेली मैदाने असतात, तशी सोय इथे नाही. नदीकाठी मोकळी जागा दिसली की ती कुणाच्या तरी शेताची असते, नाहीतर वनखात्याची. जंगलात परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. हा हत्तींचा मुलुख आहे. म्हणून सामान चामराजपुरमला किंवा शहरात जिथे उतराल तिथे ठेवावे आणि दोनच रात्री तंबूसाठी राखाव्यात. एक एखाद्या शेतघराच्या किंवा होमस्टेच्या अंगणात, मालकाला आधी विचारून. दुसरी भीमेश्वरीला. तिथे कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस कंपनीची छावणी कावेरीच्या अगदी काठावर आहे आणि राहण्यासाठी तंबूही आहेत. वाट मळवळ्ळी, हलगूरमार्गे. सुट्टीत जागा भरतात, तेव्हा आरक्षण महिनाभर आधी करावे.

एप्रिल-मेमध्ये दुपार तापली की संध्याकाळी वळीव हमखास गाठतो, वाऱ्या-विजांसह. तंबू झाडाखाली ठोकू नये, आणि पाण्याच्या पातळीलाही नको. या पावसाने एका मोठ्या फौजेचीही फजिती केली आहे. मे १७९१ मध्ये टिपू सुलतानावर चालून आलेला कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दारापर्यंत पोचला, पण कावेरी चढली, धान्य संपले, बैल मेले आणि स्वतःच्याच मोठ्या तोफा फोडून त्याला माघार घ्यावी लागली. मेलुकोटेच्या वाटेवर त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भेटली. या छावणीच्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंत सर्व काही मिळत होते! तेव्हा शिधा भरपूर घ्यावा, ही आपल्या लोकांची जुनीच रीत आहे. स्टोव्ह, प्यायचे पाणी, चुरमुरे, लिंबे, मीठ-साखर आणि कोरड्या कपड्यांची एक वेगळी पिशवी एवढे तरी गाडीत हवेच.

पहिल्या दिवशी गाडी काढूच नये. चामराजपुरमहून कुक्करहळ्ळी तलाव पायी जाण्याजोगा आहे. मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांनी १८६४ मध्ये तो बांधवला. आर. के. नारायण तरुणपणी याच काठाने तासन्‌तास हिंडत असत. भोवतालची वाट चार-पाच किलोमीटरची, सावलीची. पहाटे गेलात तर पाण्यावर झोळीवाले पेलिकन उतरताना दिसतील. शहराच्या नैर्ऋत्येला लिंगांबुधी तलाव आहे, तो १८२८चा. तिथे पाहुणे जवळजवळ जातच नाहीत.

दुसऱ्या दिवशी कृष्णराजसागर, पण बागेच्या बाजूने नव्हे. धरणाच्या मागच्या अंगाला मीनाक्षीपुराकडे जावे. उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि मैलभर हिरवळ उघडी पडते. गुरे, बगळे आणि तुम्ही. पलीकडच्या काठावर होस कन्नंबाडीचे वेणुगोपाल मंदिर आहे. मूळ गावासह ते धरणात बुडाले होते. नंतर त्याचा दगड न्‌ दगड उचलून वरच्या अंगाला पुन्हा उभारला. २०२३ चा पाऊस कमी पडला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण फार उतरले, तेव्हा हा काठ आणखीच रुंद झाला होता. गाडी मात्र पक्क्या रस्त्यावरच ठेवा. वरून कोरडा दिसणारा गाळ आतून ओला असतो, आणि रुतलेली गाडी काढायला मग ट्रॅक्टर शोधावा लागतो.

धरणाखालची नदी ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे जरा थांबून बोलले पाहिजे. बलमुरी आणि एडमुरी ही बंधाऱ्यांची ठिकाणे प्रसिद्ध आहेत. कानडीत बल म्हणजे उजवा आणि एड म्हणजे डावा. बंधाऱ्यावरून पातळ पडद्यासारखे पाणी उतरते आणि रविवारी तिथे जत्रा भरते. पाणी गुडघ्याएवढे दिसते म्हणून लोक आत शिरतात. पण ही नदी आभाळाकडे पाहून चढत नाही, वर धरणातून किती पाणी सोडले यावर चढते. कडक उन्हातसुद्धा पाणी वाढू शकते. शिवाय खाली शेवाळलेला दगड, जुने डोह आणि वाळू उपसून झालेले खड्डे. दरवर्षी सुट्टीत बुडण्याच्या बातम्या याच पट्ट्यातून येतात, आणि बहुतेक वेळा बुडणारे बाहेरगावचे असतात. एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात.

आमच्या घरचा नियम सोपा आहे. नदीच्या काठाने चालायचे, नदीत नाही. पाय बुडवायचे ते स्थानिक बायका जिथे कपडे धुतात त्या घाटाच्या पायरीवर, आणि मुलाचा हात मोठ्याच्या हातात. बलमुरीला जायचेच तर मंगळवार-बुधवारी, सकाळी आठच्या आत, आणि त्या दिवशी काठावर जायला परवानगी आहे का हे विचारून. दोन-चार कानडी शब्द पाठ करावेत. आळ म्हणजे खोली, सुळी म्हणजे भोवरा, मडु म्हणजे डोह, मोसळे म्हणजे मगर. ‘नीरु बिडतारा?’ म्हणजे पाणी सोडणार आहेत का? हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारला की खरे उत्तर मिळते. पाटीवरचे ‘अपाय’ आपल्या अपायापेक्षा मोठे असते. कानडीत त्याचा अर्थ धोका.

मोसळे हा शब्द उगीच दिलेला नाही. थोडे खाली रंगनतिट्टू आहे. सलीम अलींच्या सांगण्यावरून १९४० मध्ये ही बेटे पक्ष्यांसाठी राखली गेली. होडीतून जाताना खडकावर जबडा उघडून पडलेल्या मगरी हाताच्या अंतरावर दिसतात. एप्रिल-मेमध्ये चित्रबलाक आणि पेलिकनांच्या घरट्यांत पिल्ले असतात, त्यामुळे ही गर्दीची जागा असूनही चुकवू नये. सकाळची पहिली होडी धरावी. तिथून श्रीरंगपट्टणला जाऊन दिवाण पूर्णय्यांनी १८०४ मध्ये बांधवलेल्या दगडी खांबांच्या वेलस्ली पुलाकडे वळावे. त्याच्या आसपासचा काठ शांत असतो. पश्चिमवाहिनीला लोक अस्थी घेऊन येतात. तिथे डबे उघडू नयेत.

तळकाड हे एका दिवसाचे काम, जाताना सोमनाथपूरचे १२५८ चे केशव मंदिर पाहून. तळकाडला वाळूत गाडली गेलेली देवळे आहेत आणि एका देवळाकडून दुसऱ्याकडे वाळू तुडवीतच जावे लागते. दहानंतर ती तव्यासारखी तापते. अनवाणी जायचे म्हणून जाड पायमोजे जवळ ठेवावेत. तळकाडला वाळू आणि मालंगीला डोह हा अलमेलम्माचा शाप इथे प्रत्येक जण सांगतो. शाप माना वा न माना, डोह खरा आहे. नदी इथे रुंद, उथळ आणि फसवी आहे. टोपलीसारख्या गोल होडीत बसायचे तर जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. नसेल तर बसू नये, नावाडी कितीही हसला तरी.

शेवटचा दिवस नंजनगूडचा, आणि तो गाडीला सुट्टीचा. चामराजपुरमच्या छोट्या स्टेशनावर चामराजनगरकडे जाणारी पॅसेंजर थांबते. तिकीट काढायचे, खिडकी धरायची. कपिलेवर १७३५ चा जुना पूल आहे. गाड्या आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात, त्यामुळे जुना पूल खिडकीतूनच नीट दिसतो. श्रीकंठेश्वराचे दर्शन, मग घाटावरून सावकाश चालणे. बाजारात रसबाळे नावाची केळी विचारावीत. अस्सल असतील तर महाग पडतात आणि फार मऊ असतात, परतीच्या गाडीपर्यंत टिकत नाहीत. तेव्हा घाटाच्या पायरीवर बसूनच खावीत.